मॉरिस मायनर १००० : वळवायला दहापैकी नऊ, थांबवायला दहापैकी पाच

पन्नास-साठच्या दशकातली आवडती गाडी कोणती, असं विचारलं की माझा भाचा विचार न करता "जॅग्वार ई-टाइप" म्हणतो. दादा म्हणतो "बीटल", आणि मग ती कशी कधीच बंद पडत नाही यावर बोलत सुटतो. मी "मॉरिस मायनर" म्हणते. त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो एखाद्याने "मला वरणभात आवडतो" म्हटल्यावर येतो तसा असतो. असू दे. मी ही गाडी चालवते, स्वतः जॅकवर चढवून तिच्याखाली झोपते आणि ग्रीसगनही स्वतःच मारते. तेव्हा तिची खोड आणि तिचा गुण, दोन्ही सांगायचा मला अधिकार आहे.

माझी १९५९ सालची आहे. दोन दारं, राखाडी रंग, ९४८ सीसीचं इंजिन, ३७ अश्वशक्ती. लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, वजन पाऊण टनाच्या थोडं पुढे. माझी उंची पाच फूट एक इंच. हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळच्या बऱ्याच गाड्या सहा फुटी माणूस डोळ्यांपुढे ठेवून बनवल्यासारख्या वाटतात. मायनरमध्ये पाठीमागे एक पातळ उशी घेतली की माझे पाय तिन्ही पेडलांपर्यंत नीट पोचतात आणि बोनेटच्या पलीकडचा रस्ताही दिसतो.

आता गुणाकडे. मायनरचं स्टिअरिंग. ही गाडी घ्यायचं एकच कारण द्यायचं असेल तर मी हेच देईन. रॅक अँड पिनियन आहे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरचं दातेरी चक्र एका दातेरी पट्टीला सरकवतं. आज जवळपास प्रत्येक गाडीत असतं तेच. पण १९४८ साली, लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर पहिल्यांदा लोकांपुढे आली तेव्हा, स्वस्त गाड्यांत सर्रास वर्मचं, म्हणजे मळसूत्री दांड्याचं, स्टिअरिंग बॉक्स असायचं. ते जरा झिजलं की मधोमध दोन-दोन इंच ढिलं पडतं. तुम्ही चाक फिरवता, गाडी विचार करते, मग वळते. दादाच्या बीटलमध्ये आजही हाच प्रकार आहे, आणि तो त्याला "आरामशीर" म्हणतो. मायनरचं स्टिअरिंग बोटभर हललं की नाक वळतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेऱ्यांच्या थोडं पुढे. पॉवर स्टिअरिंग नाही, तरी उभ्या गाडीतसुद्धा जड लागत नाही. रस्ता खडबडीत आहे, ओला आहे, खडी पडली आहे, हे डोळ्यांआधी तळहाताला कळतं. वळणावर गाडी किंचित झुकते, बसते आणि मग जिथे सांगाल तिथे जाते. तीही चौदा इंची, सायकलपेक्षा थोड्याच रुंद वाटणाऱ्या टायरांवर.

हे स्टिअरिंग किती चांगलं होतं याचा पुरावा मला फार आवडतो. १९५८ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट ही छोटी खुली स्पोर्ट्स कार आली. तिच्यासाठी स्टिअरिंगचा रॅक घेतला तो मायनरचा. म्हणजे शाळेतल्या बाईंच्या आणि जिल्ह्याच्या नर्सच्या गाडीचं स्टिअरिंग स्पोर्ट्स कारला चाललं. उलटं कधी झालेलं ऐकलंय का?

याचं श्रेय ॲलेक इसिगोनिसला. मिनी बनवली तोच हा. मायनर मिनीच्या अकरा वर्षं आधीची. युद्ध चालू असतानाच त्याने 'मॉस्किटो' या नावाने हिचं काम सुरू केलं होतं, आणि गाडी रस्त्यावर कशी बसते हे त्याच्या लेखी सगळ्यात वरचं होतं. चाकं कोपऱ्यांकडे ढकलली, त्या काळाच्या मानाने लहान केली, इंजिन पुढे सरकवलं, पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळून धक्के झेलणारे पोलादी दांडे, दिले. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटायला लागली. मग नमुन्याची गाडी मधोमध उभी कापली, दोन्ही अर्धे अलग सरकवत नेले, आणि चार इंचांचं अंतर पडल्यावर म्हणाला, बस. आजही मायनरच्या बोनेटवरून हात फिरवा, मधोमध एक सपाट पट्टा लागतो. तेच ते चार इंच. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर तर आधीच बनून पडले होते, म्हणून ते मधे कापून तुकडा जोडून वापरले. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना मात्र गाडी बघवली नव्हती. त्यांनी तिला उकडलेल्या, म्हणजे टरफल फोडून पाण्यात सोडलेल्या अंड्याची उपमा दिली होती. पुढे हीच दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरली. त्या आनंदात फिकट जांभळ्या रंगाच्या खास गाड्याही काढल्या. मी एक जवळून पाहिली आहे. रंगाबद्दल नफील्ड काय म्हणाले असते कोण जाणे.

इसिगोनिसला हिच्यात आडवं, दोन्हीकडे दोन-दोन सिलिंडर असलेलं इंजिन बसवायचं होतं. खर्चामुळे ते बारगळलं आणि कंपनीकडे पडलेलं जुनं ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन बसवलं. गाडीच्या बाकी गुणांना ते अजिबात शोभत नव्हतं. १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र आले तेव्हा ऑस्टिनचं ए-सिरीज इंजिन मिळालं, आधी ८०३ सीसीचं. ते दमणारं होतं. १९५६ साली ९४८ सीसी आलं, पुढची दोन तुकड्यांची काच जाऊन एकसंध वाकवलेली काच आली, गिअरचा दांडा आखूड झाला आणि 'मायनर १०००' हे नाव मिळालं. माझ्या मते गाडी खरी पुरी झाली ती तेव्हा, जन्मानंतर आठ वर्षांनी.

पण त्या न बसवलेल्या इंजिनाचा आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांना फायदा झाला. जागा ठेवली होती रुंद इंजिनासाठी, बसलं उभं सडपातळ इंजिन. त्यामुळे बोनेट उघडलं की दोन्ही बाजूंना हात कोपरापर्यंत जातो. डिस्ट्रिब्युटर, प्लग, डायनॅमो, कार्ब्युरेटर सगळं समोर मांडून ठेवल्यासारखं. पाना हातातून पडला तर थेट जमिनीवर पडतो, मधे कुठे अडकून बसत नाही. ज्यांनी नव्या गाडीत एक बल्ब बदलायला बंपर काढलाय त्यांना याची किंमत कळेल. इंजिनही साधं, भलं. ही ए-सिरीज थोडीफार बदलत मिनीमध्ये थेट २००० सालापर्यंत चालली, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची चिंता फारशी नाही. एक काम मात्र करूनच घ्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातलं आहे. शिसं नसलेल्या पेट्रोलवर जोरात चालवलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजून आत बसतात. हेड एकदा उतरवून त्यात कठीण सीट बसवल्या की प्रश्न संपला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदला, इथेनॉल त्यांना खातं.

किल्ली फिरवल्यावर पुढच्या भिंतीवरचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टिक-टिक-टिक करतो, कार्ब्युरेटर भरला की गप्प बसतो. मग चोक ओढायचा आणि स्टार्टरची मूठ ओढायची. बॅटरी मेली असेल तर हँडल आहेच, बंपरच्या भोकातून घालून फिरवायचं. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीत गुंडाळू नका. उलटा झटका बसला तर हाड मोडतं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खडखड न करता जुळवणारी सोय, नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. टाकायचाच तर दोनदा क्लच दाबून. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सायलेन्सरमधून जी फर्रर्र फडफड निघते ती मायनरची सही आहे. मी ती ऐकण्यासाठी उताराच्या आधी उगाचच एक गिअर खाली टाकते.

आता खोड. ब्रेक.

माझ्या गाडीला चारी चाकांना सात इंची ड्रम आहेत. पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो नाही, ऑइलची लाइन एकच. एकच लाइन म्हणजे कुठे फुटली तर चारी चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातात उरतो तो हँडब्रेक. गाडी नवी होती तेव्हा आजूबाजूच्या गाड्याही अशाच होत्या, त्यामुळे चालून गेलं. आज तुमच्या पुढची गाडी जितक्या अंतरात थांबते तितक्यात मायनर थांबत नाही. पाय जोरात दाबावा लागतो, पूर्ण मांडीने. लांब उतारावर ड्रम तापले की पेडल तेवढंच खाली जातं पण गाडी ऐकेनाशी होते. म्हणून उतरताना त्याच गिअरमध्ये उतरा ज्यात चढला असता. आणि हीच मायनरमधली खरी गोम आहे : स्टिअरिंग इतकं चांगलं की माणूस वळणाकडे जोशात जातो, आणि ब्रेक मात्र तो जोश गृहीत धरूनच बनवलेले नाहीत. इसिगोनिसने गाडी वळवायचा विचार केला तितका थांबवायचा केला असता तर बरं झालं असतं.

त्यावर कडी म्हणजे ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, कुठे बसवलाय ते. ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पोकळ पट्टीच्या आत. ऑइल किती आहे हे बघायला गालिचा उचला, फरशीतलं झाकण काढा, मग सिलिंडरचं झाकण उघडा. त्यात फरशीवरची माती पडू नये म्हणून आधी ब्रशने झाडा. सिलिंडर काढायचाच झाला तर त्याचे बोल्ट टॉर्शन बारच्या आड येतात, म्हणजे ब्रेकच्या कामासाठी सस्पेन्शन सैल करा. आम्ही मायनरवाले एकमेकांना भेटलो की यावर बोलतो, जसे इतर लोक गुडघेदुखीवर बोलतात.

दुसरी जपायची जागा पुढच्या चाकांची. चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते ट्रनियनमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या धातूच्या तुकड्यात, फिरतात. इथे वरचेवर ग्रीस लागतं. ते नाही मिळालं तर आटे झिजून पिन निसटते आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. बहुतेकदा हे अगदी हळू, पूर्ण वळवून गाडी लावताना होतं, म्हणून थोडक्यात निभावतं. विकत घेताना पुढचं चाक जमिनीवरून उचलून वर-खाली हलवा. खडखड ऐकू आली की भाव करण्याआधी नव्या ट्रनियनची चौकशी करा. सगळं ग्रीस मारायला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासात गाडीची खालची बाजूही आपोआप डोळ्यांखालून जाते.

खालची बाजू बघणं गरजेचं, कारण मायनर वरून देखणी आणि खालून कुजलेली असू शकते. मागचे पाटे जिथे लटकतात ते कोपरे, दारांखालचे सिल, जॅक लावायची जागा आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे फरशीखालची आडवी पट्टी. टॉर्शन बारची मागची टोकं याच पट्टीत अडकलेली असतात, तेव्हा ती गंजली तर पुढचं सस्पेन्शन कशाला धरून उभं राहणार? विकणाऱ्याला म्हणा, "गाडी तिच्याच जॅकने तिच्याच जागी उचलून दाखवा." तो कारणं सांगायला लागला की चहा घेऊन निघा.

ट्रॅव्हलर हा लाकडी चौकटीचा मागून उघडणारा प्रकार फार गोड दिसतो, १९५३ सालचा. पण ते ॲश लाकूड शोभेचं नाही, मागच्या अर्ध्या भागाचा सांगाडाच त्याचा आहे. लाकूड कुजलं म्हणजे गाडी कुजली. खिडक्यांच्या खाचेत शेवाळ उगवलेली ट्रॅव्हलर मी पाहिली आहे. सुतारकाम आवडत असेल तरच त्या वाटेला जा.

आत बसल्यावर फार काही नाही. एक मोठा स्पीडोमीटर मधोमध, त्यातच पेट्रोलचा काटा. हेडलाइट खालीवर करायचं बटण डाव्या पायाशी. माझ्या सालच्या गाडीला वळायचे लुकलुकणारे दिवे नाहीत. दारामागच्या खांबातून पिवळा हात बाहेर येतो. लहान मुलं त्यावर फिदा असतात, मागचे ड्रायव्हर मात्र तो बघतच नाहीत. म्हणून मी मागे छोटे वेगळे इंडिकेटर लावले आहेत आणि हातही ठेवले आहेत. १९६१ साली कंपनीनेच ते हात काढून टाकले. वेग ताशी सत्तर मैलांच्या पुढे जेमतेम जातो आणि त्यावेळी गाडीत बोलता येत नाही, ओरडावं लागतं. पन्नास मैलांवर ती खूश असते. लिटरला तेरा-चौदा किलोमीटर देते. हीटर आहे, म्हणजे आवाज येतो.

इतर गाड्यांबद्दल थोडं, नाहीतर पक्षपात वाटेल. ई-टाइप मी एकदा चालवली आहे, अगदी सुरुवातीची, ३.८ लिटरची. १९६१ साली जिनिव्हात ती आली तेव्हा लोक वेडे झाले, आणि मला त्यांचा राग नाही. पण तिचं बोनेट संपून रस्ता सुरू होईपर्यंत माझ्यासारखीला मान ताणावी लागते आणि पहिला गिअर तिलाही बिनसिंक्रोमेशचाच. मर्सिडीज ३०० एसएलची पंखासारखी वर उघडणारी दारं सगळ्यांना डौलाची वाटतात, खरं तर तो नाइलाज होता. तिचा नळ्यांचा सांगाडा बाजूला इतका उंच होता की साधं दार बसेना. आत शिरायला स्टिअरिंगचं चाक दुमडावं लागतं. सिट्रोएन डीएस मात्र मला जिंकून गेली. १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती आली. स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायूवर तरंगते, सुरू केली की उठून उभी राहते, टायर बदलायला स्वतःच उंच होते, आणि ब्रेकला पेडलऐवजी रबरी गोळा आहे, नुसता टेकवला तरी गाडी खिळते. थांबवायला दहापैकी दहा. पण तेलाची एक नळी फुटली की ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळ्यांना एकदम चिंता. मी तिच्यात बसेन, तिच्याखाली झोपणार नाही.

कोणती मायनर घ्यावी असं विचाराल तर रोजच्या वापरासाठी १९६२ नंतरची, १०९८ सीसीची. ४८ अश्वशक्ती, चढावर कमी दमते, आणि मुख्य म्हणजे पुढचे ड्रम आठ इंची. माझं ९४८ जास्त गोड फिरतं असं मला वाटतं, पण तेवढ्यावर कुणाला सल्ला देणार नाही. १९७० पर्यंत सलून आणि १९७१ पर्यंत ट्रॅव्हलर बनत होत्या, एकूण सोळा लाखांच्या आसपास, तेव्हा निवडायला वाव आहे. घाई नसेल तर पत्रा चांगला आणि इंजिन खराब असलेली घ्या. उलटी घेऊ नका. इंजिन दोन दिवसांत उतरतं, वेल्डिंग संपतच नाही.

मी आता पुढे डिस्क ब्रेक बसवणार आहे. सगळे भाग तयार संचात मिळतात, मूळच्या स्टब अॅक्सलवर बसतात आणि उद्या कुणाला ड्रम परत लावायचे असतील तर लावता येतात. दादाला हे पटलेलं नाही. गाडी मूळची राहत नाही म्हणतो.

"अरे दादा," मी म्हटलं, "तुझी बीटल त्रेसष्ट सालची ना? म्हणजे सहा व्होल्टची. मग बोनेटखाली ती बारा व्होल्टची बॅटरी कुणाची आहे?"

"ती बॅटरी मागच्या सीटखाली असते," तो म्हणाला. "बोनेटखाली डिकी असते. इतकं तरी माहीत असू दे."

बारा व्होल्टबद्दल मात्र काही बोलला नाही.